थेट शेतावरून आणलेला माल आणि घरचं बेकिंग: प्रमाणं कुठे बदलायची?

मैद्याचा_वैरी
आमच्या सोसायटीत वाईजवळच्या एका शेतकरी कुटुंबाकडून एकत्र माल मागवायचं घाटतंय. स्ट्रॉबेरी, गाजर, गावठी अंडी, घरचं लोणी आणि काढणी झाली की खपली गहू. स्वयंपाकासाठी हे सगळं उत्तमच, पण सोसायटीतल्या निम्म्या घरांत ओटीजी आहे आणि प्रत्येकीला यातून केक आणि पाव करायचे आहेत.

अडचण अशी की बेकिंगच्या पाककृती दुकानातल्या मालावर बेतलेल्या असतात. अंडी एका मापाची, बटर पाकिटातलं आणि पीठ म्हणजे मैदा. शेतावरचा माल तसाच्या तसा वापरला की केक मधोमध ओला राहतो, नाहीतर पाव बसतो. तर प्रश्न दोन. कुठल्या वस्तूसाठी प्रमाण किती बदलायचं? आणि शेतकऱ्याला ऑर्डर देताना नेमकं काय सांगायचं? 'ताजं आहे ना, मग छानच होणार' हे उत्तर कृपया नको.

चिमूटभर
वाट्या आणि कप माळ्यावर टाका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. बाकीची चर्चा त्यानंतर.

कणिकक्रांती
चिमूटभर यांना अनुमोदन. अंड्यांपासूनच बघा. पाककृतीत 'एक अंडं' म्हटलेलं असतं तेव्हा टरफल काढून साधारण ५० ग्रॅम धरलेलं असतं. पोल्ट्रीचं अंडं टरफलासकट ५५ ते ६० ग्रॅम भरतं. गावठी कोंबडीचं ४०-४५, बऱ्याचदा त्याहून कमी. टरफलाचे १०-१२ टक्के वजा करा, हाती ३५ ते ४० ग्रॅम उरतात. म्हणजे तीन अंड्यांच्या केकला १५० ग्रॅम हवं असेल तर चार गावठी अंडी फोडायची, एकत्र हलकी फेटायची आणि काट्यावर १५० भरेल तेवढीच ओतायची.

दुसरं, गावठी अंड्यात पांढऱ्याच्या मानाने बलक मोठा असतो. लोण्याच्या केकला ते चांगलंच, रंग येतो आणि तुकडा मऊ राहतो. पण ज्या स्पंजचा सगळा भार फेटलेल्या पांढऱ्यावर असतो तिथे पांढरं वेगळं मोजावं लागतं, नाहीतर उंची कमी येते. आणि आज घातलेलं अंडं आजच फेटायला घेऊ नका. अगदी ताज्या अंड्याचं पांढरं घट्ट असतं, फुगायला वेळ लावतं. आठवडाभर ठेवलेली अंडी जास्त फुगतात. उलट पोच्ड अंड्याला ताजंच लागतं.

शेतावरची अंडी आल्या आल्या धुऊन ठेवू नका. टरफलावरचा नैसर्गिक थर जातो आणि अंडी लवकर खराब होतात. फोडण्याआधी धुवा, आणि प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा.

खमंग_खोडकर
उरलेल्या पाव अंड्याचं ऑम्लेट कुणाच्या वाट्याला, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरवा.

डोंगरउतार
स्ट्रॉबेरीबद्दल. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि महाबळेश्वर, पाचगणी, भिलार ते खाली वाईपर्यंत ती होते. पण 'महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी' हे एकच फळ नव्हे. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाबीला अशा वेगवेगळ्या जाती लावतात. विंटर डॉन लवकर सुरू होते. कॅमारोसा मागाहून येते, फळ टणक असतं, आंबटपणाही चांगला, म्हणून शिजवायला आणि भाजायला ती बरी. शेतकऱ्याला जात विचारा, तो नक्की सांगेल.

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, हे महत्त्वाचं. केळं किंवा चिकू घरी पिकतो, ही नुसती लाल आणि मऊ होत जाते, गोडी वाढत नाही. देठाजवळचा भाग पांढरट असेल तर फळ कच्चंच तोडलंय. म्हणून ऑर्डर देताना 'देठापर्यंत लाल, पहाटेची तोड, त्याच दिवशी रवाना' असं स्पष्ट सांगा. आणि केकसाठी मोठी, देखणी फळं मागू नका. मोठ्या फळाचा गाभा बऱ्याचदा पोकळ आणि पाणचट असतो. बारीक, गडद फळं जॅमच्या कारखान्याला जातात, भाव कमी असतो आणि चवीला तीच दाट असतात. सजावटीपुरता एक डबा पहिल्या प्रतीचा घ्या, बाकी सगळा जॅमचा माल.

केकची_कडा
डोंगरउतार, माहिती छान, पण माझं मत स्पष्ट आहे: ताजी स्ट्रॉबेरी केकच्या पिठात घालूच नये. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं तिच्यात. तुकड्याभोवतीचं पीठ शिजतच नाही, चिकट खळगा तयार होतो. वर पाण्याने चव पातळ. ताजी खायची तर क्रीमबरोबर खा.

डोंगरउतार
घालू नये हे मान्य नाही, तशीच घालू नये हे मान्य. आधी भाजून पाणी उडवायचं. ५०० ग्रॅम फळं देठ काढून अर्धी करा, ५० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस लावून पसरट ट्रेमध्ये एकाच थरात मांडा. १५० अंशांवर ४० ते ५० मिनिटं, मध्ये एकदा हलवा. सुटलेला रस पाकासारखा झाला आणि एकूण वजन निम्म्याच्या आसपास आलं की थांबा. ट्रेवर ढीग केला तर फळं भाजण्याऐवजी उकडतात, रस आटत नाही.

२०० ग्रॅम मैद्याच्या केकला यातला १५० ग्रॅम गर घाला आणि पाककृतीतलं दूध ३० मिली कमी करा. ताजेच तुकडे घालायचे असतील तर १०० ग्रॅमच्या वर जाऊ नका, तुकडे बोराएवढे करा, पुसून कोरडे करा आणि अर्धे पिठात, अर्धे वरून टाका. पिठात घोळवले की तुकडे तळाला जात नाहीत, हे अर्धसत्य आहे. पीठ पातळ असेल तर घोळवूनही जातातच. पीठ इतकं घट्ट हवं की चमच्यावरून ओघळण्याऐवजी गोळ्याने पडेल.

रेवा_बेकते
भाजून पण केक राखाडी-जांभळा होतो त्याचं काय? चव छान आणि रंग सिमेंटचा!

कणिकक्रांती
रेवा, सोडा जास्त होतोय. स्ट्रॉबेरी, जांभूळ, करवंद यांचा रंग आम्लात लाल राहतो आणि सोड्यासारख्या अल्कलीत निळा-राखाडी पडतो. या केकला खायचा सोडा टाळा, बेकिंग पावडर वापरा, १२५ ग्रॅम पिठाला एक सपाट चहाचा चमचा. पाककृतीत दही किंवा ताक असेल तरच सोडा, तोही १२५ ग्रॅमला पाव चमच्याच्या वर नाही. डोंगरउतारांच्या कृतीतलं लिंबू रंगासाठीही कामाला येतं.

खमंग_खोडकर
सोड्याच्या करामती निघाल्याच आहेत तर: सूर्यफुलाच्या बिया घातलेली कुकी दुसऱ्या दिवशी आतून हिरवीगार निघते. बुरशी समजून डबाच फेकला जातो.

कणिकक्रांती
तेही सोड्यामुळेच. बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल अल्कलीत हिरवं होतं. खायला काहीही धोका नाही. सोडा थोडा कमी करा नाहीतर चमचाभर लिंबूरस घाला. पण बुरशी केसाळ असते आणि वास येतो, तेवढी खात्री करूनच खा.

घुसळणी
लोण्याकडे कुणी वळलंच नाही. पाकिटातल्या बटरमध्ये निदान ८० टक्के स्निग्धांश असतो, पाणी जास्तीत जास्त १६ टक्के. घरच्या लोण्यात ताक किती राहिलंय ते घुसळणारीच्या हातावर आणि धुण्यावर ठरतं. त्यामुळे सरसकट आकडा सांगण्यात अर्थ नाही, प्रत्येक खेपेला मोजायचं. १०० ग्रॅम लोणी कढवा आणि तूप किती निघतं बघा. समजा ७० ग्रॅम निघालं. तर १०० ग्रॅम बटरच्या जागी ११५ ग्रॅम लोणी घ्यायचं आणि पाककृतीतलं दूध १५ मिली कमी करायचं.

त्याआधी लोणी बर्फाच्या पाण्यात दोनतीनदा धुवा, पाणी नितळ येईपर्यंत, आणि लाकडी उलथन्याने दाबून पाणी काढा. विरजणाच्या सायीचं लोणी आंबूस असतं. केकला चालतं, पण नानकटाईला धुतल्याशिवाय वापरू नका, वास मारतो. साखरेबरोबर फेसायला लोणी थंडसर हवं, बोट दाबलं तर खळगा पडेल पण बोट आत घुसणार नाही इतपत. म्हशीचं लोणी पांढरं असतं, केकचा रंग फिका येतो, तो दोष नव्हे.

नानकटाईला तर सरळ तूपच घ्या. १०० ग्रॅम बटर म्हणजे ८० ग्रॅम तूप.

साधासरळ
खपली गव्हात ग्लुटेन (कणकेला ताण देणारं प्रथिन) नसतं म्हणे, मग त्याचा पाव फुगेल कसा?

जात्यावरची_ओवी
असतं हो साधासरळ, ग्लुटेन असतंच! हे पसरवणं थांबवा कृपया. सिलिॲकचा (ग्लुटेन न सोसण्याचा) त्रास असलेल्यांनी खपली खायची नाही. तो गहूच आहे, फक्त त्याचं ग्लुटेन कमकुवत असतं. कणीक ताणली तर लांबते पण परत मागे येत नाही, म्हणून वायू धरून ठेवत नाही. मळत राहिलं की घट्ट व्हायच्या ऐवजी चिकट होऊन तुटायला लागते.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी ७०:३० करावं. ३५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम खपलीचं पीठ, ३२५ ग्रॅम पाणी, ९ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम तेल. आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा. मग यीस्ट, मीठ, तेल घालून चारपाच मिनिटंच मळा. पहिलं फुगणं दुप्पट नाही, दीडपट झालं की आवरा. साच्यात घाला, काठाला बोटभर कमी असतानाच ओव्हनमध्ये. काठापर्यंत वाट पाहिली तर तो वर येऊन बसतो, आणि लोक दोष यीस्टला देतात. २०० अंशांवर ३५ मिनिटं. साच्यातून काढून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज हवा. नाहीतर पाच मिनिटं उघडाच परत आत.

पूर्ण खपलीचा पाव करायचा असेल तर साच्याशिवाय करूच नका आणि उंचीची अपेक्षाही नको. तो दाट, गोडसर, टोस्टला फार चांगला होतो. त्यापेक्षा खपलीची बिस्किटं आणि केक करा. तिथे कमकुवत ग्लुटेन हवंच असतं.

भट्टीकर
जात्यावरची_ओवी यांच्या कृतीला हात लावायला जागा नाही, फक्त दळण्याबद्दल थोडं. खपली शेतावरून घेताना टरफल काढलेली आहे का ते विचारा. साध्या मळणीत खपलीचं टरफल सुटत नाही, वेगळी सडून घ्यावी लागते. टरफलासकट स्वस्त मिळाली म्हणून आणली तर शहरातली गिरणी ती घेणार नाही आणि वजनात घट येईल ती वेगळी. गहू वाळलेला हवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. दोन दिवस ऊन द्या आणि निववूनच डब्यात भरा.

गिरणीत आपल्या आधी कुणाचं बेसन किंवा ज्वारी दळली असेल तर पहिलं अर्धा किलो पीठ वेगळं काढा, पोळ्यांना वापरा. पीठ गरम येतं, परातीत पसरून निवू द्या. कोंड्यासकट ताजं पीठ दोनतीन आठवड्यांत संपवा, पुढे अंकुरातल्या तेलाला खवट वास येतो. जास्त असेल तर फ्रीजरमध्ये.

आणि कोंडा! त्याच्या धारदार कडा ग्लुटेनचे धागे कापतात. मैद्याच्या चाळणीने कोंडा चाळून काढा, त्याच्या दुप्पट उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा, आणि कणीक मळून झाल्यावर शेवटी परत घाला. हे पाणी एकूण हिशेबात धरा. लोकवनच्या पिठालाही हीच युक्ती लागू. मात्र गिरणीच्या पिठात स्टार्च जास्त भरडला जातो, ते मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं. लोकवनला पिठाच्या वजनाच्या ७० टक्के पाण्यापासून सुरुवात करा. खपलीला तेवढं देऊ नका, खिरीचा पाव होईल.

खमंग_खोडकर
खिरीचा पाव! खपलीची खीर तरी लोकांना आवडते, तुमच्या त्या विटेसारख्या दाट पावापेक्षा बरी.

माडाखालची
गोव्याहून. शेतावरचा माल म्हटला की आमच्याकडे आधी नारळ. नाताळातल्या बाथला (रवा-नारळाच्या केकला) नारळ कसा आहे यावर सगळं अवलंबून. शहाळ्याकडे झुकलेला कोवळा नारळ घेतला तर बाथ ओली राहते, फार जुना घेतला तर खोबऱ्याचं तेल सुटतं. सोडणाचा रंग तपकिरी झालेला आणि हलवल्यावर आत पाणी वाजणारा नारळ घ्या. खोवताना काळी पाठ येऊ देऊ नका.

२५० ग्रॅम बारीक रवा, २५० ग्रॅम खोवलेला नारळ, २५० ग्रॅम साखर, १२५ ग्रॅम लोणी, ४ अंडी (२०० ग्रॅम, वर सांगितलंय तसं मोजून), एक चमचा बेकिंग पावडर. नारळ पाणी न घालता, फार तर दोन चमचे दूध घालून भरड वाटा. लोणी-साखर फेसा, अंडी, नारळ, रवा मिसळा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. रवा भिजला नाही तर बाथ रेवाळ लागते. बेकिंग पावडर सकाळी, ओव्हनमध्ये टाकायच्या आधी. १७० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. पीठ रात्रीनंतर खूपच घट्ट वाटलं तरी पाणी घालायचा मोह आवरा.

रेवा_बेकते
माडाखालची, नाव रेवा असल्यामुळे 'रेवाळ' मनाला लागलं. बाकी कृती जपून ठेवली.

वाडीवरून
वसईकरांची हजेरी. इथल्या वाड्यांमधून सुकेळी मिळतात का विचारा, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. हल्ली कमीच करतात. केकमध्ये मनुका-खजुराच्या जागी ८० ग्रॅम बारीक चिरून घाला, साखर ३० ग्रॅम कमी करा. चिरायच्या आधी पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून निथळून घ्या, नाहीतर ती पिठातली ओल शोषतात.

ताज्या केळ्यांच्या केकचं सांगायचं तर फणीवर नाही, सोललेल्या गरावर मोजा. सालीचं वजन तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातं. २०० ग्रॅम पिठाला ३०० ग्रॅम गर. वेलची केळं दाट असतं, पीठ घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. साल काळ्या ठिपक्यांनी भरलेली हवी. हिरवट पिवळ्या केळ्यात स्टार्च असतो, गोडी नाही. घड एकदम पिकला तर सोलून फ्रीजरमध्ये टाका, वितळल्यावर सुटणारं पाणी फेकू नका, निम्मं आटवून पिठात घाला.

हिशेबी_बाई
सगळं खरं, पण थेट शेतावरून म्हणजे स्वस्त पडेल असं मूळ लेखात गृहीत धरलंय का? छोट्या कुटुंबाला निवड, डबे, पुठ्ठ्याची खोकी, गाडीभाडं सगळं स्वतः करावं लागतं. मंडईच्या भावात मागणी करायची आणि वर 'देठापर्यंत लाल' म्हणायचं, हे कसं?

मैद्याचा_वैरी
हिशेबी_बाई, स्वस्ताचा मुद्दा मी काढलेलाच नाही. एकत्र मागवायचं ते भाडं वाटून जावं म्हणून.

चिमूटभर
घासाघीस नको, पण डागी माल मागायला लाज कसली? टोकाला दबलेलं फळ भाजून केकमध्ये जातं, शेतकऱ्याचंही फेकलं जात नाही. फक्त डागी आणि सडका यातला फरक आधी बोलून घ्या. स्ट्रॉबेरीवर करडी लव दिसली तर ते फळ कापून अर्धं वाचवायचं नाही, सरळ टाकायचं. मऊ फळात बुरशी दिसते त्याच्या पुढेही पसरलेली असते.

न्यूजर्सीची_सून
इकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कौटुंबिक बागांमध्ये स्वतः सफरचंदं तोडून आणता येतात आणि मग पोतंभर सफरचंदांचं काय करायचं हा प्रश्न. ॲपल पायला ग्रॅनी स्मिथ जात घ्या, फोडी आकार धरतात. मॅकिन्टॉश शिजून लगदा होतो, तो केकमध्ये सॉस म्हणून घाला, २०० ग्रॅम पिठाला २०० ग्रॅम, आणि तेल निम्मं करा. विषयाबाहेर गेले का मी?

केकची_कडा
नाही ताई, मुद्दा तोच आहे, जात विचारा. विषयाबाहेर गेलंय ते खोडकरांचं ऑम्लेट. आणि गाजराला तर कुणी शिवलंच नाही.

हिवाळी लाल गाजर रसाळ असतं, केशरीपेक्षा जास्त पाणी सोडतं. २०० ग्रॅम पिठाला २५० ग्रॅम कीस. मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा, बारीक किसलं की सगळा रस मोकळा होतो. पिळून कोरडं करू नका, गोडी त्या रसातच असते. चाळणीत दहा मिनिटं ठेवून सुटेल तेवढंच जाऊ द्या. १६० मिली तेल, १८० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम अंडं, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. १७० अंशांवर ४५ मिनिटांनी काडी घालून बघा. मात्र ओल्या केकात काडी फसवते, कीस चिकटला तर कच्चं वाटतं. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९६ ते ९८ अंश आले की काढा.

फेब्रुवारीनंतरच्या गाजरांचा पिवळट गाभा लाकडासारखा होतो, तो काढून टाका आणि वजन नंतर करा. शेतावरून गाजर पाल्यासकट येतं. आल्या आल्या पाला कापा, तो मुळातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत गाजर लुळं पडतं.

मैद्याचा_वैरी
भरभरून मिळालं, सगळ्यांचे आभार. आता ऑर्डरचा प्रश्न उरला. एकाच खेपेत स्ट्रॉबेरी आणि गाजर मागवू का? आणि स्ट्रॉबेरी शनिवारी आली, केक रविवारी, तर रात्रभर कशी ठेवायची?

डोंगरउतार
एकाच गाडीतून चालेल, एका खोक्यात नको. गाजराच्या ओल्या मातीने स्ट्रॉबेरीला बुरशी लागेल. आल्यावर डबे उघडा, दबलेली फळं बाजूला काढून त्याच रात्री भाजा. उरलेली न धुता, देठासकट, कागद घातलेल्या पसरट डब्यात एकाच थरात फ्रीजमध्ये. धुवायची ती वापरायच्या आधी, आणि देठ धुतल्यावर काढायचा, आधी काढला तर फळ पाणी पितं. दोन दिवसांपलीकडे ठेवायची असतील तर ट्रेवर सुटी सुटी गोठवून मग पिशवीत भरा. गोठवलेली फळं केकमध्ये वितळू न देता टाकायची आणि भाजायचा वेळ पाचसात मिनिटांनी वाढवायचा.

खपली मात्र याच ऑर्डरीत धरू नका. नोव्हेंबरची पेरणी, नवीन दाणा मार्चच्या आसपास. आत्ता मिळेल तो गेल्या हंगामातला असेल, तो वाईट नाही, पण मूठभर हातात घेऊन किडीची भोकं बघूनच घ्या.